चाळिसांच्या सभागृहात मवाळ आमदार

गोव्यात आमदार हा दूरचा माणूस नसतो. २०२२ च्या निवडणुकीत राज्यात साधारण साडेअकरा लाख मतदार होते आणि मतदारसंघ ४०, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सुमारे २९ हजार मतदार आले. शेजारच्या महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. एवढ्या लहान मतदारसंघात कुठल्या वाड्यावर कुणाचं कुणाशी पटत नाही आणि कुणाचा मुंडकार खटला (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काचा) मामलेदाराकडे किती वर्षं पडून आहे, हे आमदाराला ठाऊक असतं. जत्रेला, फेस्ताला, लग्नाला, मयताला त्याला जावंच लागतं. लोकही त्याला नावानं, नात्यानं हाक मारतात. मुख्यमंत्री झालेल्यांतही बांदोडकर ‘भाऊ’ होते, शशिकला काकोडकर ‘ताई’, प्रतापसिंह राणे ‘खाशे’, रवी नाईक ‘पात्रांव’.

या जवळिकीचा हिशेब मतमोजणीत दिसतो. २०२२ मध्ये फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी निवडून आले, सांत आंद्रेत विरेश बोरकर ७६ मतांनी. साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना ६६६ मतांचीच आघाडी मिळाली. चार-पाच मोठी घरं रुसली की निकाल फिरतो. अशा ठिकाणी टोकाचं बोलून, एका गटाला चेतवून निवडून येणं बऱ्याच मतदारसंघांत अवघड जातं, कारण कुठलाच एक गट पुरेसा नसतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मतदार एकाच यादीत असतात. मराठीवादी आणि कोकणीवादी, कोकणी देवनागरीत लिहिणारे आणि ती रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिणारे, खाणीवर पोट असलेले आणि खाणीमुळे शेत गेलेले असे सगळे एकाच गावात राहतात. म्हणून वाटतं की गोवा ही मवाळ आमदारासाठी सुपीक जमीन असणार.

तशी ती आहेही. तरी मवाळ वृत्तीचा माणूस इथं निवडून येतो आणि थोड्याच काळात त्याचं काहीतरी वेगळंच होऊन बसतं. हे का होतं, ते सभागृहाच्या रचनेत आणि कायद्यात शोधावं लागतं. तोच शोध इथं घ्यायचा आहे.

आधी मवाळ म्हणजे कोण ते ठरवू, कारण आपल्याकडे या बाबतीत मोठा घोटाळा होतो. ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, जो कुठल्याही सरकारात रुळतो, त्याला आपण ‘सगळ्यांना घेऊन चालणारा’ म्हणतो. माझ्या मते तो मवाळ नव्हे. मवाळ आमदाराला स्वतःची भूमिका असते आणि ती लोकांना माहीत असते. फक्त समोरच्याची भूमिकाही खरी असू शकते हे तो मान्य करतो आणि दोघांना जगता येईल असा कायदा, असा निर्णय शोधतो. तो जागेवर उभा राहतो आणि तिथून हात पुढे करतो. जागाच बदलणारा माणूस वेगळा. गोव्यात या दोघांची गल्लत इतक्या वेळा झाली आहे की खऱ्या मवाळ माणसाची किंमतच आपल्याला कळेनाशी झाली आहे.

पहिली पायरी

कारकिर्दीची सुरुवात बहुधा पंचायतीत होते. गोव्यात पंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे पंच म्हणून उभा राहणारा माणूस आपल्या नावावर मतं मागतो. पुढे सरपंच, जिल्हा पंचायत, मग विधानसभेची उमेदवारी. काहींची वाट व्यवसायातून येते. पुढे मुख्यमंत्री झालेले विल्फ्रेड डिसोझा शल्यचिकित्सक होते, सावंत आयुर्वेदाचे डॉक्टर. डॉक्टरला, शिक्षकाला घराघरांत प्रवेश असतो. काहींना घराण्याचा आधार असतो आणि तो लहान आधार नव्हे. बायकांसाठी मात्र ही वाट फार अरुंद राहिली आहे. गोव्याला आजवर एकच महिला मुख्यमंत्री लाभली, शशिकला काकोडकर, आणि २०२२ मध्ये ४० पैकी ३ महिला निवडून आल्या.

नवा आमदार पर्वरीला विधानसभेत जाऊन बसतो तेव्हा मतदाराच्या मनात त्याच्याकडून असलेल्या अपेक्षा आणि संविधानानं त्याला दिलेलं काम यांत मोठी दरी असते. मतदाराला हवा असतो हॉटमिक्स रस्ता, नळाला पाणी, मुलाला सरकारी नोकरी. संविधानानं दिलेलं काम असतं कायदे करणं, अंदाजपत्रक तपासणं आणि सरकारला जाब विचारणं. पहिली यादी पुरी करायची तर खात्याचा मंत्री आपला लागतो, आणि मंत्री आपला हवा तर सत्तेच्या बाजूला बसावं लागतं. घसरण सुरू होते ती इथं. त्यात लोभ असतोच असं नाही. कित्येकदा विरोधात बसलेल्या आमदाराच्या दारात रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसांचा तो रेटा असतो. या बाबतीत आपण मतदारांनी आपल्याकडेही बघायला हवं.

बारा खुर्च्या

आता आकडे बघू, कारण गोव्याच्या राजकारणातलं अर्धंअधिक कोडं आकड्यांतच सुटतं.

२००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं नसावं असं तिनं ठरवलं. ४० चे १५ टक्के म्हणजे ६. पण लहान राज्यांचा कारभार एवढ्यांवर चालणार नाही म्हणून किमान १२ मंत्री चालतील अशी सूट दिली. त्यामुळे गोव्यात मुख्यमंत्र्यांसह १२ जणांचं मंत्रिमंडळ होतं. सरकार बनवायला लागतात २१ आमदार. त्यातले १२ मंत्री, एक सभापती, एक उपसभापती, आणि काहींना महामंडळांची अध्यक्षपदं. सत्तेच्या बाजूला ज्याला काहीच मिळालेलं नाही असा आमदार उरतो किती? मोजकेच.

हे महत्त्वाचं का? मोठ्या सभागृहात सत्ताधारी पक्षाचे मागच्या बाकावरचे आमदार हा मवाळांचा नैसर्गिक ठाव असतो. ते सरकार पाडत नाहीत, पण मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारतात आणि विधेयकात दुरुस्ती सुचवतात. गोव्यात तो बाकच जवळपास रिकामा आहे. मंत्री सरकारला प्रश्न विचारू शकत नाही आणि महामंडळाचा अध्यक्ष सहसा विचारत नाही.

मग राहतो विरोधी पक्ष. २०२२ मध्ये भाजपला २० जागा मिळाल्या, काँग्रेसला ११, आप आणि मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) प्रत्येकी २, गोवा फॉरवर्ड आणि रिव्होल्युशनरी गोवन्सला प्रत्येकी १, आणि अपक्ष ३. मगो आणि अपक्ष सरकारबरोबर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसचे ८ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा सरकारच्या बाजूला ३३ झाले आणि विरोधात ७ उरले. साऱ्या खात्यांचं अंदाजपत्रक, सारी विधेयकं, सगळ्या समित्यांचा भार या सात माणसांवर. त्यांच्यात मवाळपणा परवडणारा आमदार सापडणं कठीण, कारण सातजणांना आवाज पोहोचवायचा तर तो चढवावाच लागतो. सभापतींच्या आसनासमोर हौदात धाव घेणं, घोषणा, सभात्याग, मार्शलनी बाहेर काढणं हे आपण बातम्यांत बघतो. त्यामागे स्वभावापेक्षा संख्येचा हात मोठा आहे.

दोन तृतीयांशचं गणित

पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीनं आला आणि संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. आमदार दोन कारणांनी अपात्र ठरतो. त्यानं पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेनं सोडलं तर, किंवा पक्षादेशाविरुद्ध (व्हिप) मत दिलं अथवा मतदानाला गैरहजर राहिला तर. मूळ कायद्यात पक्षातले एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला ‘फूट’ मानून सूट होती. ती २००३ च्या त्याच दुरुस्तीनं काढून टाकली. उरलं ते विलीनीकरण, म्हणजे विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला राजी असतील तर त्यांची आमदारकी वाचते.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी सभागृहं असावीत. तिथं दोन तृतीयांश म्हणजे पन्नास-साठ माणसं, त्यांना एका रात्रीत जमवणं सोपं नाही. गोव्यात काय होतं ते पाहा. मार्च २०१९ मध्ये मगोचे ३ आमदार होते. दोन तृतीयांश म्हणजे २. दोघे भाजपमध्ये विलीन झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ होते. दोन तृतीयांश म्हणजे १०. बरोबर दहा गेले, त्यांत विरोधी पक्षनेतेही होते. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ११. दोन तृतीयांश सव्वासातच्या थोडं पुढे, म्हणून ८. आठ गेले. तिन्ही वेळा कायद्याला लागणारा किमान आकडा, त्याहून एकही जास्त नाही. मोठ्या राज्यात जो अडसर आहे तो आपल्याकडे उंबरठ्याएवढा ठेंगणा होतो.

जुलै २०१९ च्या दहा जणांविरुद्धच्या अपात्रतेच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल २४ फेब्रुवारी २०२२ ला आला, तोही आमदारांच्या बाजूनं. तोवर पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊन दहा दिवस झाले होते. सभापतींनी अशा याचिकांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये, मणिपूरच्या एका प्रकरणात म्हटलं होतं. पण सभापती हा बहुधा सत्ताधारी पक्षाचाच आमदार असतो, आणि घड्याळ त्याच्या हातात असतं.

मतदारांनी मात्र निकाल दिला. त्या दहांपैकी २०२२ मध्ये तिघेच पुन्हा निवडून आले. या आकड्याकडे मी फार आशेनं बघतो. जागा बदलणं म्हणजे समंजसपणा नव्हे हे मतदाराला कळतं, फक्त ते सांगायला त्याला पाच वर्षं थांबावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही अशी शपथ पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रूस) आणि बेतीच्या दर्ग्यात घेतली होती. आठ महिन्यांत त्यांच्यातले आठ आमदार गेले. देवाची शपथ घ्यावी लागते याचा अर्थ साध्या शब्दावर लोकांचा विश्वास उरलेला नाही. आणि मवाळ राजकारण चालतं ते शब्दावरच. देवाणघेवाण करायची तर दिलेला शब्द उद्या पाळला जाईल एवढी खात्री दोन्ही बाजूंना हवी.

या सगळ्याची मुळं आजची नाहीत. एप्रिल १९७९ मध्ये शशिकला काकोडकरांचं सरकार पक्षातल्याच आमदारांनी साथ सोडल्यानं पडलं, तेव्हा तर पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. मार्च १९९० पासून ऑक्टोबर २००० पर्यंत गोव्यानं मुख्यमंत्रिपदाचे डझनभर शपथविधी पाहिले. एक सरकार तीन आठवडेही टिकलं नाही. देशाच्या पक्षांतर कायद्यावरचे काही महत्त्वाचे निवाडे याच काळातल्या गोव्याच्या खटल्यांतून आले. रवी नाईक यांच्या प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सदस्यत्व सोडणं म्हणजे लेखी राजीनामा देणंच असं नाही, आमदाराच्या वागण्यावरूनही तो अर्थ काढता येतो.

पक्षादेश कुठं संपतो

आता एक गोष्ट, जी आमदारांनाही कधीकधी ठाऊक नसते असं मला वाटतं. पक्षादेश मतावर चालतो, तोंडावर नाही.

संविधानाचं १९४ वं कलम आमदाराला सभागृहात भाषणस्वातंत्र्य देतं. तिथं बोललेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला होत नाही. पक्षादेश मोडला तरी पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर अपात्रता लागत नाही. आणि दहावी अनुसूची वैध ठरवणाऱ्या १९९२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्षादेशाचा अर्थ संकुचित ठेवला. सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल, किंवा ज्या धोरणावर पक्ष निवडून आला त्याचा गाभा पणाला असेल, तिथं आदेश मोडला तर आमदारकी जावी. प्रत्येक लहानमोठ्या विषयावर आमदाराला बांधणं हा कायद्याचा हेतू नाही.

म्हणजे सत्ताधारी आमदार विधेयकावर उभा राहून म्हणू शकतो, ‘मी सरकारच्या बाजूनं मत देईन, पण या कलमानं माझ्या गावची शेतजमीन जाईल आणि ते मला मान्य नाही.’ एवढं बोलायला कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती पुढच्या वेळच्या उमेदवारीची चिंता. ती खरी असते, पण तिला कायद्याचं नाव देऊ नये.

मवाळ आमदाराची हत्यारं गाजावाजा न करणारी असतात. पहिलं म्हणजे प्रश्न, ज्याला पर्वरीत सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. अतारांकिताचं उत्तर लेखी. लेखी उत्तराला जोडलेल्या याद्यांना मी सोन्याचं मोल देतो. किती जमिनीचं रूपांतर झालं, कुठल्या खात्यात कुणाची भरती झाली, कंत्राट किती रकमेला गेलं हे सरकारच्याच सहीनं कागदावर येतं. वर्तमानपत्रांतल्या कितीतरी मोठ्या बातम्या अशाच एखाद्या जोडपत्रातून निघतात. आवाज न चढवता सरकारला उघडं करण्याचा याहून चांगला मार्ग नाही, आणि त्याला फक्त अभ्यास लागतो.

मग लक्षवेधी सूचना, शून्य प्रहर, मागण्यांवरच्या कपात सूचना. शुक्रवारी खासगी ठराव आणि खासगी विधेयकं येतात. ती क्वचितच मंजूर होतात. बहुतेक वेळा मंत्री आश्वासन देतात आणि आमदार ठराव मागे घेतो. तरी ती मांडण्याला अर्थ असतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. शिक्षण हा मूलभूत हक्क संविधानात आला २००२ मध्ये. हरलेलं विधेयकही नोंदीत राहतं आणि पुढच्या माणसाला सुरुवातीची जागा देतं.

खरी मवाळ माणसाची जागा म्हणजे समित्या. लोकलेखा समिती महालेखापालांच्या अहवालावरून खर्चाची तपासणी करते, आणि तिचं अध्यक्षपद विरोधी बाजूला देण्याचा संकेत आहे. आश्वासन समिती मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का ते बघते. वादाचं विधेयक चिकित्सा समितीकडे गेलं की सर्व पक्षांचे चार-सहा आमदार एका टेबलाभोवती बसतात, अधिकाऱ्यांना बोलावतात, लोकांचं म्हणणं ऐकतात. तिथं कॅमेरा नसतो आणि प्रेक्षक गॅलरी नसते. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी माणसं तिथं कलमाकलमावर तडजोड करतात. लोकशाहीचं पुष्कळसं चांगलं काम या खोल्यांत होतं, आणि ते दिसत नसल्यानं त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही. विधेयकं अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत घाईनं आणून चर्चेविना मंजूर झाली की या खोल्यांना कुलूप लागतं. मवाळ आमदाराचं त्याहून मोठं नुकसान दुसरं नाही.

दोन कसोट्या

गोव्याच्या इतिहासात दोन प्रसंग असे आले की मधली वाट सापडली नसती तर हा लहानसा प्रदेश उभा चिरला गेला असता.

पहिला गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडली गेली, ३० जागांची. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेत आला. गोवा महाराष्ट्रात जावा ही त्यांची उघड भूमिका. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, गोवा वेगळा राहावा म्हणणारा. मगोचं म्हणणं असं की निवडणूक आम्ही जिंकली, लोकांनी कौल दिला. सिक्वेरांचं म्हणणं असं की एवढा मोठा, परत न फिरवता येणारा निर्णय साध्या बहुमतावर विधानसभेत होऊ नये, लोकांना थेट विचारा. संसदेनं १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपद सोडावं अशी मागणी आली, आणि डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या सरकारनं राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

पुढचं अधिक विलक्षण आहे. अवघ्या अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. विलीनीकरण नको, पण कुळांना जमीन हवी, गावोगाव मराठी शाळा हव्यात, बहुजनांच्या हाती सत्ता हवी, असं म्हणणारा मोठा वर्ग होता. त्यानं जानेवारीत एक मत दिलं आणि मार्चमध्ये दुसरं, आणि त्या दोन्हींत विसंगती नव्हती. बांदोडकरांनीही हार मानली आणि कारभार पुढे चालवला. सिक्वेरा विरोधी पक्षात बसले. दोघेही आपापल्या भूमिकेत ठाम होते, तरी निर्णयाची रीत दोघांनी मान्य केली. मवाळपणाचं याहून मोठं उदाहरण मला आपल्या राजकारणात दाखवता येत नाही, आणि ते अशा दोन माणसांनी घालून दिलं ज्यांना कुणी मवाळ म्हटलं नसतं.

दुसरी कसोटी भाषेची. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेच्या प्रश्नावर गोवा पेटला. डिसेंबर १९८६ मध्ये माणसं मेली. घराघरांत मराठी वाचणारे आणि कोकणी बोलणारे एकच लोक, तरी रस्त्यावर दोन तट पडले. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी वापर करता येईल अशी तरतूद झाली. मराठीप्रेमींना वाटलं, आपल्याला दुय्यम जागा दिली. रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांना वाटलं, आपल्याला वगळलं. दोन्ही दुःखं आजही जिवंत आहेत आणि खरी आहेत. मी स्वतः मराठी वाचक म्हणून पहिलं अनुभवतो. तरीही त्या कायद्यानंतर रस्त्यावरचा रक्तपात थांबला, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. मधल्या वाटेचा कायदा सगळ्यांना थोडं देतो आणि कुणाचंच समाधान करत नाही. तो करणाऱ्याच्या नावानं कुणी चौकात पुतळा उभारत नाही.

कधीकधी त्याची किंमत आपल्याच माणसांकडून मोजावी लागते. प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वाद आठवा. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, १९९० मध्ये, सरकारी अनुदान मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच देण्याचं धोरण ठरलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी शाळांना अनुदान दिलं. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर आले आणि त्यांनी अल्पसंख्याक संस्थांच्या चालू इंग्रजी शाळांचं अनुदान कायम ठेवलं. त्यातून त्यांच्या स्वतःच्या विचारकुळातले लोक उठले, २०१६ मध्ये वेगळा पक्ष निघाला. तो निर्णय बरोबर होता की चूक यावर गोव्यात एकमत होणार नाही. माझं मन अजूनही मराठी-कोकणीच्या बाजूला झुकतं. पण मधली जागा घेणाऱ्याला दोन्हीकडून मार पडतो, हे त्या चार वर्षांत स्पष्ट दिसलं.

पन्नास वर्षांची कारकीर्द

राजभाषा कायद्याच्या वेळी मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे. त्यांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. १९७२ मध्ये सत्तरीतून ते मगोच्या उमेदवारीवर निवडून आले आणि बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात गेले. पुढे काँग्रेसमध्ये आले, १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यानंतर मुख्यमंत्री अनेकदा, २००७ ते २०१२ सभापती, २०१२ ते २०१७ विरोधी पक्षनेते. पन्नास वर्षं आमदार आणि एकही पराभव नाही. सभागृहातल्या चारही मोठ्या खुर्च्यांवर बसलेला माणूस विरळा, आणि शांत बोलणं ही त्यांची ओळख. २०१७ मध्ये मुलगा विश्वजित काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेला, मंत्री झाला. वडील काँग्रेसच्या बाकावरच राहिले. २०२२ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही आणि पर्येतून सून दिव्या राणे भाजपच्या तिकिटावर निवडून आल्या.

यातून काय घ्यावं? सत्तरीत राणे घराण्याचा पिढ्यांचा दबदबा आहे. पाय इतके घट्ट रोवलेले असले की आवाज चढवावा लागत नाही आणि उमेदवारीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. अशा माणसाला मवाळ राहणं परवडतं. प्रश्न त्या शिक्षकाच्या मुलीचा आहे, त्या पंचाचा आहे, ज्याच्यामागे घराणं नाही, पैसा नाही. त्यानं सत्तेबाहेर पाच वर्षं बसून, रोज सकाळी दारात आलेल्यांना ‘हे माझ्या हातात नाही’ सांगून पुन्हा निवडून कसं यायचं? रस्ता, पाणी, नोकरी ही कामं आमदाराच्या मेहेरबानीतून काढून नियमानं होऊ लागली तर याचं उत्तर सोपं होईल. भरती परीक्षेनं झाली, पंचायतीला स्वतःचा पैसा मिळाला, मुंडकार खटले ठरल्या मुदतीत निकाली निघाले, तर विरोधात बसलेला आमदार मतदारसंघाला ओझं वाटणार नाही. त्या दिवशी पक्ष बदलण्याचं अर्धं कारण संपेल.

तोवर मतदारानं मवाळ आमदार ओळखायचा कसा? मतांच्या नोंदीवरून ओळखता येत नाही, कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात आणि कोण ‘होय’ म्हणालं, कोण ‘नाही’, हे कागदावर येत नाही. मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. म्हणून दुसरे कागद बघावे लागतात. विधानसभेच्या संकेतस्थळावर आमदारांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मिळतात. आपल्या आमदारानं गेल्या अधिवेशनात काय विचारलं, कुठल्या खात्याला विचारलं, आणि तो सत्तेत आल्यावर त्याचे प्रश्न थांबले का, हे मोबाइलवर बघता येतं. विरोधात असताना ज्या जमीन रूपांतरावर तो तावातावानं बोलला, त्याच विषयाच्या सत्तेत आल्यानंतरच्या चर्चेत तो काय म्हणाला, तेही कामकाजाच्या नोंदीत शोधावं. भूमिका तीच राहून सूर सौम्य झाला असेल तर तो समजूतदारपणा आहे. भूमिकाच नाहीशी झाली असेल तर कारण विचारायचा मतदाराला हक्क आहे. एवढ्या लहान मतदारसंघात तो प्रश्न पत्रानं पाठवावा लागत नाही. आमदार पुढच्या जत्रेला येणारच आहे, तेव्हा त्याला बाजूला घेऊन, त्या चर्चेची तारीख सांगून शांतपणे विचारता येतो.